वारशाने आलेली सिसकंट्रोल फाइल

प्रवेश-अर्ज ऑनलाइन घेणाऱ्या एका पोर्टलचे सर्व्हर आमच्या पुण्यातल्या टीमकडे आले, तेव्हा सोबत आलेल्या सामानात मला सगळ्यात जास्त खटकली ती सिसकंट्रोलची फाइल. लिनक्समध्ये कर्नलचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचे, बदलता येणारे बरेचसे आकडे या फाइलमध्ये लिहून ठेवतात. मशीन सुरू होताना ते वाचले जातात आणि कर्नलला लागू होतात. आमच्या हाती आलेल्या फाइलमध्ये पन्नासच्या वर ओळी होत्या आणि एकाही ओळीपुढे ती का लिहिली, कोणी लिहिली, याची टीप नव्हती. वेब सर्व्हर, ॲप्लिकेशन सर्व्हर आणि डेटाबेस, तिघांवर तीच फाइल जशीच्या तशी.

अशी फाइल कशी तयार होते हे या कामातल्या बहुतेकांना माहीत असतं. लोड वाढलेल्या एखाद्या रात्री कोणीतरी इंटरनेटवरची यादी आणून चिकटवतो, सकाळपर्यंत लोड आपोआप उतरतो आणि यादी कायमची राहते. पुढचा माणूस तिला हात लावायला घाबरतो, कारण कोणत्या ओळीवर काय उभं आहे हे सांगता येत नाही. माझं मत याबाबत पक्कं आहे. ज्या ओळीमागे कर्नलच्याच एखाद्या काउंटरचा पुरावा नाही, ती ओळ फाइलमध्ये नसावी. कर्नल जिथे जिथे मर्यादा घालतो तिथे ती मर्यादा किती वेळा आड आली हे तो बहुधा मोजूनही ठेवतो. तो आकडा वाचायचा आणि मगच मर्यादा बदलायची, या बोलीवर मी काम हातात घेतलं.

पहिली तक्रार फारच मोघम होती. अर्जाची मुदत जवळ आली की हेल्पडेस्कला फोन सुरू व्हायचे, “साइट उघडत नाही.” मॉनिटरिंगवर सगळं हिरवं. सीपीयू निवांत, मेमरी मोकळी, ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये एरर नाही. हेल्पडेस्कवरच्या मुलांना मी सांगितलं की तक्रार आली की दोन गोष्टी विचारा. कशावरून उघडताय, आणि शेजारच्याकडे उघडतेय का? या दोन प्रश्नांनी चित्र एकदम स्पष्ट झालं. वसतिगृहाच्या एकाच वायफायवर विंडोजचा लॅपटॉप लगेच आत जायचा आणि त्याच खोलीतल्या ॲन्ड्रॉइड फोनवर पान नुसतं फिरत राहायचं. जरा वेळाने तोच फोन आत जायचा आणि दुसऱ्याचा अडकायचा. तालुक्याच्या गावातून फोनवर फॉर्म भरणाऱ्या मुलांना याचा सगळ्यात जास्त त्रास होत होता, आणि त्यांच्याकडे दुसरं साधन नव्हतं. म्हणून हा प्रश्न मी सगळ्यात आधी घेतला.

वेब सर्व्हरवर टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन, लावून बसले. फोनकडून कनेक्शनची विनंती, म्हणजे सिन पॅकेट, आमच्यापर्यंत व्यवस्थित पोचत होतं. उत्तर जात नव्हतं. सेकंदाने तेच पॅकेट पुन्हा, त्यानंतर दोन सेकंदांनी पुन्हा, आणि आमच्याकडून काहीच नाही. फायरवॉलमध्ये अडवणारा नियम नव्हता. पॅकेट कर्नलपर्यंत येतं आणि कर्नल ते गिळून टाकतो, याचा अर्थ त्याने कुठेतरी नोंद केलीच असणार. नेटस्टॅटला (नेटवर्कचे काउंटर दाखवणारी कमांड) आकडेवारीचा पर्याय देऊन तो पुन्हा पुन्हा चालवला आणि कोणते आकडे चढतात ते पाहिलं. पॅकेटमधल्या टाइमस्टॅम्पमुळे, म्हणजे पाठवणाऱ्याच्या घड्याळाच्या आकड्यामुळे, नाकारलेल्या येणाऱ्या कनेक्शनांचा आकडा भराभर वर जात होता.

इथून फाइलमधली ओळ सापडायला वेळ लागला नाही. टीसीपी टीडब्ल्यू रिसायकल, किंमत १. टाइम-वेट अवस्थेतली, म्हणजे बंद झाल्यावरही थोडा वेळ राखून ठेवलेली, कनेक्शनं लवकर मोकळी करायला ही सोय होती. त्यासाठी कर्नल प्रत्येक आयपी पत्त्याचा शेवटचा टीसीपी टाइमस्टॅम्प लक्षात ठेवायचा आणि त्याच पत्त्यावरून मिनिटभराच्या आत जुना वाटणारा टाइमस्टॅम्प घेऊन कोणी आलं तर ते पॅकेट टाकून द्यायचा. एका पत्त्यामागे एकच मशीन असेल तर हे चालतं. वसतिगृहाच्या राउटरमागे शंभर फोन असतात, मोबाइल कंपन्या तर एका पत्त्यामागे त्याहून कितीतरी जास्त ग्राहक बसवतात. प्रत्येक फोनचं टाइमस्टॅम्पचं घड्याळ वेगळं. ज्याचा आकडा मोठा तो आत, लहान आकडावाला बाहेर. विंडोज मात्र स्वतःहून कनेक्शन सुरू करताना सहसा टाइमस्टॅम्प पाठवतच नाही, त्यामुळे लॅपटॉपला ही गाळणी लागूच होत नव्हती. खोलीतल्या फोनचं आणि लॅपटॉपचं कोडं इतक्या आतलं होतं.

आमचा वेब सर्व्हर तेव्हा सेंटओएस ७ वर होता, म्हणजे कर्नल ३.१० च्या मालिकेतला. तिथे ही सोय जिवंत होती. पुढे ४.१० मध्ये टाइमस्टॅम्पचा आरंभ प्रत्येक कनेक्शनला वेगळा झाला, तेव्हा या सोयीला काही अर्थच उरला नाही आणि २०१७ मध्ये आलेल्या ४.१२ मधून ती काढूनच टाकली. आमच्या ॲप्लिकेशन आणि डेटाबेस सर्व्हरवर ४.१८ होता. तिथे प्रत्येक बूटच्या वेळी सिसकंट्रोल “अशी फाइल नाही” म्हणून एरर देत होता आणि जर्नलमधल्या त्या ओळीकडे कोणी पाहिलं नव्हतं. वेब सर्व्हरवर किंमत चालत्या मशीनवरच ० केली. रीस्टार्ट लागत नाही. नाकारलेल्या कनेक्शनांचा काउंटर जागच्या जागी थांबला आणि हेल्पडेस्कचे त्या प्रकारचे फोन त्याच दिवशी बंद झाले.

त्याच्या शेजारची ओळ टीसीपी फिन टाइमआउटची होती, किंमत १५. हिच्यामुळे टाइम-वेटचा काळ कमी होतो अशी समजूत फार पसरलेली आहे. लिनक्समध्ये टाइम-वेटचे ६० सेकंद कर्नलच्या कोडमध्येच पक्के आहेत, सिसकंट्रोलमधून ते बदलत नाहीत. फिन टाइमआउट ही फिन-वेट-२ या वेगळ्या अवस्थेची मुदत आहे. टाइम-वेटमध्ये हजारो कनेक्शनं दिसली म्हणून घाबरायचंही कारण नाही, ती फार थोडी मेमरी खातात. ओळ काढून टाकली.

दुसरी गोष्ट ॲप्लिकेशन सर्व्हरची. एनजिनएक्स हा पुढचा वेब सर्व्हर, टॉमकॅट हा मागचा जावाचा ॲप्लिकेशन सर्व्हर. एनजिनएक्सच्या लॉगमधले टॉमकॅटला जोडण्याचे वेळ घेऊन मी त्यांचा आलेख काढला. बहुतेक जोडण्या मिलिसेकंदात होत होत्या, पण आलेखावर एक सेकंदाजवळ एक उंचवटा आणि तीन सेकंदांजवळ दुसरा, लहान. मधली जागा जवळपास रिकामी. खरोखर मंद ॲप्लिकेशनचा आलेख असा दिसत नाही, तो पसरट असतो. एक आणि तीन सेकंद हे आकडे सिन पॅकेट पुन्हा पाठवण्याचे आहेत. पहिली वाट एक सेकंदाची, दुसरी त्यावर दोन सेकंदांची. म्हणजे इथेही पहिलं पॅकेट हरवत होतं. हे उंचवटे मी तेव्हापासून कुठल्याही सर्व्हरवर आधी शोधते.

टॉमकॅटच्या मशीनवर लिसन ओव्हरफ्लोचा काउंटर वाढत होता. कनेक्शन आलं की ॲप्लिकेशन ते उचलेपर्यंत कर्नल त्याला रांगेत ठेवतो. रांग भरली की नवीन सिन टाकून देतो. या रांगेची कमाल लांबी सोमॅक्सकॉन या पॅरामीटरने ठरते आणि फाइलमध्ये ती ६५५३५ लिहिलेली होती. आधीच्या टीमने इतकी मोठी किंमत ठेवल्यावर रांग भरेलच कशी? एसएस कमांडने ऐकणारी सॉकेट्स पाहिली, सेंड-क्यूच्या रकान्यात रांगेची खरी मर्यादा दिसते. तिथे होते १००. कारण सोमॅक्सकॉन हे फक्त छत आहे. ॲप्लिकेशन लिसन करताना स्वतः जो आकडा मागतं तो आणि हे छत, यातला लहान तो लागू होतो. टॉमकॅटमध्ये तो ॲक्सेप्ट काउंट, डिफॉल्ट १००. कर्नलच्या फाइलमधला तो भलामोठा आकडा इतकी वर्षं कशालाच लागू नव्हता.

मग १०० ची रांग भरत का होती? जावाच्या गार्बेज कलेक्शनमध्ये, म्हणजे नको असलेली मेमरी साफ करताना, सगळे थ्रेड थांबतात, कनेक्शन उचलणाराही थांबतो. आमच्याकडे मुदतीच्या दिवसांत सेकंदाला सहाशेच्या आसपास नवीन कनेक्शनं यायची, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागाइतका थांबा झाला की रांग भरली. ॲक्सेप्ट काउंट १०२४ केला, सोमॅक्सकॉन ४०९६ वर आणलं. पण मूळ दुखणं वेगळंच होतं. एनजिनएक्स प्रत्येक विनंतीसाठी टॉमकॅटशी नवीन कनेक्शन उघडत होतं, कारण त्या बाजूचा कीपअलाइव्ह (तेच कनेक्शन पुन्हा वापरणं) कोणी चालू केलाच नव्हता. तो चालू केला, एचटीटीपी १.१ ठेवलं आणि नवीन कनेक्शनांचा ओघच आटला. या सगळ्या कामात सर्वाधिक फायदा देणारा बदल कर्नलबाहेरचा निघाला, याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. कर्नलचे काउंटर वाचल्यामुळेच तिथे पोचता आलं.

डेटाबेसचं काम मात्र निव्वळ कर्नलचं होतं, आणि तिथे आमचे सीनियर सोबत बसले. त्यांची कारकीर्द सोलॅरिस आणि एचपी-यूएक्स या जुन्या युनिक्सवर गेलेली. फाइलमधल्या शेमॅक्स आणि शेमॉलच्या (सामायिक मेमरीच्या मर्यादांच्या) ओळी पाहताच ते म्हणाले, “हे आमच्या काळातलं. अगं, सोलॅरिस १० यायच्या आधी हा एक आकडा बदलायचा तर एटसी-सिस्टीम फाइलमध्ये लिहायचं आणि रीबूट मागायचं. फाइलमध्ये काही गडबड झाली की मशीन उठायचंच नाही. मग ओके प्रॉम्प्टवरून विचारत-विचारत बूट करायचं आणि सिस्टीम फाइलच्या जागी डेव्ह-नल सांगायचं.” त्यामुळे एकेका आकड्यामागे गणित मांडलेला कागद असायचा, असंही ते म्हणाले. लिनक्सने चालत्या मशीनवर आकडे बदलायची मोकळीक दिली. मोकळीक चांगलीच आहे, पण तो कागद तिच्यापायी गेला हे त्यांचं म्हणणं मला पटतं.

शेमॅक्सची ओळ तर आता उलटं काम करत होती. हा सामायिक मेमरीच्या एका तुकड्याचा कमाल आकार. जुन्या लिनक्सवर डिफॉल्ट फक्त ३२ एमबी होतं, म्हणून वाढवावं लागायचं. कर्नल ३.१६ पासून डिफॉल्ट इतकं मोठं आहे की व्यवहारात मर्यादाच नाही. आमच्या फाइलमधली ६४ जीबीची ओळ ती मर्यादा खाली आणत होती. शिवाय आमचा डेटाबेस असलेल्या पोस्टग्रेसने २०१३ च्या ९.३ आवृत्तीपासून मोठी सामायिक मेमरी घ्यायची पद्धतच बदलली, शेमॅक्सशी तिचा आता नावापुरता संबंध आहे. दोन्ही ओळी गेल्या.

खरा प्रश्न मेमरीचाच होता, फक्त वेगळ्या जागी. मशीनमध्ये २५६ जीबी रॅम, पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर ६४ जीबी. तरी पेज कॅशला, म्हणजे वाचलेल्या फाइली कर्नल मेमरीत ठेवतो त्याला, पुरेशी जागा राहत नव्हती आणि दुपारी गर्दीच्या वेळी स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) हलायला लागायचा. टॉपमधल्या प्रोसेसची बेरीज कशीही केली तरी वीसेक जीबीचा हिशेब लागेना. तो सापडला मेमइन्फोमधल्या, म्हणजे कर्नलच्या मेमरी-हिशेबाच्या फाइलमधल्या, पेजटेबल्सच्या ओळीत.

गणित असं. कर्नल मेमरी ४ केबीच्या पानांत मोजतो. ६४ जीबी म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त पानं, आणि प्रत्येक पान कुठे आहे याची नोंद ८ बाइटची. सगळ्या पानांची नोंद ठेवायची तर १२८ एमबी. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस असते आणि प्रत्येक प्रोसेसचं पेज टेबल वेगळं. एकाच पुस्तकाची अनुक्रमणिका ग्रंथालयातल्या प्रत्येक वाचकाने स्वतःच्या वहीत उतरवून घ्यावी, तसं हे. ४०० कनेक्शनं आणि प्रत्येकाने सगळे बफर चाळले तर निव्वळ नोंदींना ५० जीबी. आमच्याकडे कनेक्शनं दिवसभर पूलमध्ये जिवंत राहायची, त्यामुळे प्रत्येक प्रोसेसची वही फुगतच जायची. सीनियर म्हणाले, “सोलॅरिसवर ओरॅकल आयएसएम नावाची सामायिक मेमरी घ्यायचं, त्यात पेज टेबलही सामायिक असायचं. हा खर्च आम्हाला दिसलाच नाही कधी.”

उपाय हुज पेजेस. २ एमबीची पानं घेतली की तेच ६४ जीबी ३२,७६८ पानांत बसतात आणि प्रत्येक प्रोसेसच्या नोंदी एमबीवरून केबीवर येतात. शेअर्ड बफरपेक्षा एकूण सामायिक मेमरी थोडी जास्त असते. पोस्टग्रेस १५ पासून किती हुज पेज लागतील हे पोस्टग्रेसलाच विचारता येतं. आमची आवृत्ती जुनी, म्हणून मुख्य प्रोसेसच्या स्टेटस फाइलमधला व्हीएमपीक घेऊन त्याला २ एमबीने भागलं आणि वर थोडी पानं ठेवली. चालत्या मशीनवर एनआर-हुजपेजेस (हुज पेजची संख्या) लिहून पाहिलं तर कर्नलने मागितल्यापेक्षा कमी दिली. महिनोन्महिने चाललेल्या मशीनवर २ एमबीचे सलग तुकडे उरलेले नसतात. बूटच्या वेळी मेमरी अख्खी असते, तेव्हा मागितली की मिळतात. म्हणून रात्रीचं रीबूट घेतलं.

इथे एक काळजी फार महत्त्वाची. पोस्टग्रेसमध्ये हुज पेजेसची सेटिंग डिफॉल्टने “ट्राय” असते. पानं मिळाली नाहीत तर तो गुपचूप ४ केबीच्या पानांवर सुरू होतो. मग अडकवून ठेवलेली ६४ जीबी तशीच वाया जाते आणि वर आणखी ६४ जीबी साध्या मेमरीतून जाते. आम्ही सेटिंग “ऑन” ठेवली, पानं नाहीत तर सुरूच व्हायचं नाही. रीबूटनंतर पेजटेबल्सची ओळ काहीशे एमबीवर आली आणि दुपारचा स्वॅप थांबला. ट्रान्सपरंट हुज पेजेस ही वेगळी भानगड, कर्नल मागे राहून स्वतःच पानं जोडत बसतो. डेटाबेसच्या मशीनवर ती “नेव्हर” केली.

संध्याकाळी अहवालांच्या मोठ्या फाइल निघायच्या, तेव्हा विद्यार्थ्यांचे अर्ज “सेव्ह होतंय” वर अडकायचे. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये चेकपॉइंटची (साठलेला डेटा डिस्कवर उतरवण्याची) सिंकची वेळ त्याच सुमाराला चढलेली. मेमइन्फोमधली डर्टी ओळ दर सेकंदाला बघत राहिले. फाइल निघायला लागली की आकडा जीबीमागे जीबी चढायचा, डिस्क शांत, आणि मग एकदम सगळं डिस्ककडे धावायचं. न लिहिलेला डेटा उपलब्ध मेमरीच्या १० टक्के होईपर्यंत कर्नल तो निवांत साठवतो, हे डिफॉल्ट. आमच्या मशीनवर १० टक्के म्हणजे साधारण १८ जीबी, आणि आमचं स्टोरेज सेकंदाला ३०० एमबीच्या आसपास लिहायचं. पूर्ण एक मिनिटाचं काम एकदम. त्या मिनिटात कोणाचा अर्ज कमिट व्हायचा तर त्याचं लिखाण याच गर्दीत उभं. त्यात फाइलमध्ये डर्टी रेशो ८० टक्के लिहिलेलं, म्हणजे लिहिणाऱ्याला थोपवणारी दुसरी मर्यादाही हटवलेली.

टक्केवारीचे हे आकडे लहान मशीनच्या काळातले आहेत. मोठ्या रॅमवर बाइटमध्ये सांगणं हेच योग्य. पार्श्वभूमीतलं लिखाण २५६ एमबीला सुरू आणि १ जीबीला थोपवणं, असं ठेवलं. बाइटची किंमत लिहिली की टक्केवारीची आपोआप शून्य होते, म्हणून जुनी ओळ काढायलाच हवी, नाहीतर जी शेवटी वाचली जाईल ती जिंकते. अहवालांना आता आधीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. अहवाल पाहणाऱ्यांना आम्ही ते सांगितलं. मुलांचे अर्ज लगेच सेव्ह होतात, आणि प्राधान्य त्यांचंच आहे.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. स्वॅपीनेस ० होतं, ते १० केलं, कारण कर्नल ३.५ पासून ० चा अर्थ मेमरी अगदी संपेस्तोवर स्वॅपला हातच न लावणं असा झालाय आणि त्यात मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा ओओएम किलर लवकर उठू शकतो. फाइल-मॅक्स (अख्ख्या मशीनची उघड्या फाइलींची मर्यादा) वाढवलेलं होतं, पण टॉमकॅट सिस्टमडी या सर्व्हिस चालवणाऱ्या व्यवस्थेमधून चालतो, त्याची उघड्या फाइलींची मर्यादा सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये लागते. कॉनट्रॅकची (फायरवॉलसाठी कनेक्शनांची नोंद ठेवणाऱ्या मॉड्यूलची) ओळ फाइलमध्ये होती पण लागूच होत नव्हती. बूटच्या वेळी सिसकंट्रोल आधी चालायचा आणि ते मॉड्यूल फायरवॉलबरोबर मागून यायचं. मॉड्यूल आधी लोड व्हायच्या यादीत टाकलं.

आता प्रत्येक सर्व्हरची फाइल वेगळी आहे आणि गिटमध्ये आहे. वेब सर्व्हरवर चार ओळी, डेटाबेसवर त्याहून थोड्या जास्त. प्रत्येक ओळीच्या वर कोणता काउंटर पाहून ती लिहिली, आधीचा आकडा काय होता आणि कोणत्या कर्नलवर, एवढं मराठीत लिहिलेलं असतं. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली, त्याआधीच वेब सर्व्हर ५.१४ कर्नलवर नेला. तिथे सोमॅक्सकॉनचं डिफॉल्टच ४०९६ आहे, म्हणून ती ओळ आम्ही काढली. डेटाबेसही तिकडे न्यायचा आहे. त्यासाठी हुज पेजचा आकडा या वेळी पोस्टग्रेसकडूनच घेऊ, आणि डर्टीची मर्यादा नवीन स्टोरेजच्या वेगावर पुन्हा मोजू.